सीजीएमचा आकडा मागे का राहतो? उशीर आणि अचूकता यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दंडावर किंवा पोटावर लावलेला सेन्सर एक आकडा दाखवतो आणि त्याच मिनिटाला बोट टोचून केलेली तपासणी दुसराच आकडा देते, हा अनुभव सतत साखर मोजणारे उपकरण, म्हणजे सीजीएम, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. हे आकडे न जुळण्यामागे कधी नुसता उशीर असतो, तर कधी खरोखरची चूक असते. कोणत्या वेळी काय आहे हे ओळखता आले, तर पुष्कळशी धास्ती आणि काही धोकेही टळतात. खालील उत्तरांत साखरेचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर या एककात दिले आहेत. ज्यांचे उपकरण मिलिमोल प्रति लीटर दाखवते, त्यांनी या आकड्यांना १८ ने भागावे.

सेन्सर रक्तातली साखर मोजतो ना?

नाही, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ इथेच आहे. सेन्सरची केसासारखी बारीक तार त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटर जाते आणि तिथे ती रक्तवाहिनीत नव्हे, तर पेशींच्या मधल्या जागेत असलेल्या द्रवात बुडालेली असते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराचा थर असतो. द्रवातल्या ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया झाली की अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि या प्रवाहाचे उपकरणातील गणित साखरेच्या आकड्यात रूपांतर करते. काही महिने त्वचेखाली राहणारे, प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे सेन्सरही आहेत, पण तेही मोजतात ते याच द्रवातले ग्लुकोज. म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा हा रक्तातल्या साखरेचा शेजारच्या द्रवावरून बांधलेला अंदाज असतो. अंदाज म्हटल्यावर कमी लेखण्याचे कारण नाही, कारण साखर स्थिर असताना तो बहुतेक वेळा चांगलाच जुळतो.

हा उशीर किती मिनिटांचा असतो?

सर्वसाधारणपणे ५ ते १५ मिनिटे धरावीत. त्याचे भाग तीन. पहिला शरीराचा: ग्लुकोज आधी रक्तात येते आणि मग केशवाहिन्यांच्या भिंतींतून झिरपून द्रवात पोहोचते. निरोगी प्रौढांमध्ये खुणेचे ग्लुकोज टोचून हा वेळ मोजला गेला, तेव्हा उपाशीपोटी आणि स्वस्थ पडून असताना तो ५ ते ६ मिनिटांचा आढळला. दुसरा भाग सेन्सरचा, कारण द्रवातले ग्लुकोज तारेवरच्या पातळ पडद्यांतून आत शिरायलाही वेळ लागतो. तिसरा भाग गणिताचा. सेन्सरकडून येणारा संकेत खडबडीत असतो, आणि तो गुळगुळीत करण्यासाठी उपकरण आधीच्या काही मिनिटांच्या नोंदीही हिशेबात धरते; जितके जास्त गुळगुळीत करावे तितका आकडा मागे पडतो. नव्या उपकरणांमध्ये चढउताराच्या कलावरून पुढचा अंदाज बांधून हा उशीर काही प्रमाणात भरून काढलेला असतो, पण तो शून्यावर आणता येत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी की, उशीर ही एकच ठरलेली संख्या नाही. ती माणसागणिक, जागेगणिक आणि त्या वेळी साखर किती वेगाने हलते आहे त्यानुसार बदलते.

माझा सेन्सर १५० दाखवतो आणि ग्लुकोमीटर १७८. खरे कोण?

बहुधा दोघेही. आकड्यासोबत दिसणारा, साखर कोणत्या दिशेने आणि किती वेगाने हलते आहे ते दाखवणारा बाण पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. समजा बाण सरळ वर आहे आणि साखर मिनिटाला २ ते ३ मि.ग्रॅ. या वेगाने चढते आहे. उशीर १० मिनिटांचा धरला, तर रक्त सेन्सरच्या २० ते ३० मि.ग्रॅ. पुढे असणार, म्हणजे १७० ते १८०. तुमच्या ग्लुकोमीटरने तेच दाखवले. हेच आकडे बाण आडवा असताना आले असते, तर मात्र २८ चा फरक उशिराच्या खात्यावर टाकता आला नसता.

दिशेचा नियम सरळ आहे. साखर चढत असताना सेन्सर रक्तापेक्षा कमी दाखवतो आणि उतरत असताना जास्त. यातला दुसरा अर्धा भाग अधिक धोक्याचा आहे, कारण पडद्यावर ८५ आणि खाली झुकलेला बाण दिसत असताना रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते.

बाणांचा नेमका अर्थ काय?

तो उपकरणानुसार वेगळा आहे, म्हणून माहितीपुस्तिका पाहावीच लागते. आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ मि.ग्रॅ. पेक्षा कमी बदल आणि तिरका बाण म्हणजे १ ते २, इथपर्यंत फ्रीस्टाइल लिब्रे आणि डेक्सकॉम या प्रचलित उपकरणांत एकवाक्यता आहे. पुढे वाटा फुटतात. फ्रीस्टाइल लिब्रेवर सरळ उभा बाण म्हणजे २ पेक्षा जास्त. डेक्सकॉमवर एक उभा बाण म्हणजे २ ते ३ आणि दोन उभे बाण म्हणजे ३ पेक्षा जास्त. ३ चा वेग ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वेगाने अर्ध्या तासात ९० मि.ग्रॅ. चा फरक पडतो. माझ्या मते सीजीएमचे खरे मोल या बाणातच आहे. नुसता आकडा तर ग्लुकोमीटरही देतो.

साखर कमी झाली म्हणून ग्लुकोज घेतले, तरी सेन्सरचा आकडा खालीच जातो. अजून खावे का?

उशिरामुळे सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून हे जरा सविस्तर पाहू. समजा दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी सेन्सरने ६४ दाखवले, बाण खाली होता, आणि तुम्ही १५ ग्रॅम ग्लुकोज घेतले. ३ वाजून २५ मिनिटांनी रक्तातली साखर ८८ वर आलेली असू शकते, पण सेन्सर तेव्हा ५९ दाखवत असतो, कारण तो अजून काही मिनिटांपूर्वीचा तळ मोजतो आहे. हात थरथरत असतात, गजर वाजत असतो, घरातली माणसे आग्रह करत असतात, आणि माणूस आणखी २० ग्रॅम साखर घेतो. मग पुन्हा थोडी. पावणेपाचच्या सुमारास तीच साखर २२० वर पोहोचते आणि त्यासाठी इन्सुलिन घेतले की नवा उतार सुरू होतो.

म्हणून साखर कमी झाल्यावर उपचार लागू पडला की नाही हे सेन्सरवर न पाहता, १५ मिनिटांनी बोट टोचून पाहावे. ग्लुकोमीटर ७० च्या वर असेल, तर सेन्सरला वर यायला आणखी थोडा वेळ द्यावा. ग्लुकोमीटरही ७० च्या खाली असेल, तर पुन्हा १५ ग्रॅम घ्यावे. आणि ग्लुकोमीटर हाताशीच नसेल, तर बाण वळला का ते पाहावे. आकडा वाढण्याच्या आधी बाण खालचा आडवा होतो, आणि सुधारणेची पहिली खूण तीच असते. मात्र शुद्ध हरपत असेल किंवा गिळता येत नसेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून तातडीची मदत बोलवावी.

सेन्सर ठीक दाखवतो, पण मला घाम फुटला आहे आणि धडधडते आहे. काय मानावे?

शरीराचे मानावे आणि लगेच बोट टोचून पाहावे. उलट बाजूही लक्षात असू द्यावी: ज्यांना मधुमेह बरीच वर्षे आहे, त्यांच्यापैकी काहींना साखर कमी झाल्याची लक्षणे जाणवेनाशी होतात, त्यामुळे लक्षणे नाहीत एवढ्यावरून सेन्सरचा गजर खोटा ठरवू नये.

एमएआरडी ९ टक्के म्हणजे माझा आकडा फार तर ९ टक्क्यांनीच चुकेल का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. एमएआरडी (मीन अ‍ॅब्सोल्यूट रिलेटिव्ह डिफरन्स) ही सेन्सरच्या चुकीची सरासरी आहे. चाचणीत सेन्सरच्या प्रत्येक आकड्याची प्रयोगशाळेतील दर्जेदार उपकरणाशी तुलना करतात, दोन्हींतला फरक टक्क्यांत काढतात, तो जास्त आहे की कमी याकडे दुर्लक्ष करतात आणि सगळ्या फरकांची सरासरी घेतात. आता निम्म्या वेळा २ टक्के आणि निम्म्या वेळा १६ टक्के चुकणाऱ्या उपकरणाची सरासरी ९ येते, आणि दर वेळी बरोबर ९ टक्के चुकणाऱ्याचीही ९ च येते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन उपकरणे सारखी नाहीत.

शिवाय टक्केवारी कमी साखरेत फसवी ठरते. खरी साखर ६० आणि सेन्सर ५१ म्हणत असेल, तर फरक १५ टक्के दिसतो, पण तो केवळ ९ मि.ग्रॅ. आहे आणि दोन्ही आकड्यांवर करायचे तेच आहे. म्हणूनच नियमावलींमध्ये कमी साखरेसाठी मिलिग्रॅममध्ये आणि जास्त साखरेसाठी टक्क्यांत मर्यादा घालतात. चाचणीत किती जण होते, साखर किती वेगाने हलवली होती आणि कमी साखरेच्या नोंदी किती होत्या यांवरही एमएआरडी अवलंबून असतो. तेव्हा दोन कंपन्यांच्या जाहिरातींतील ८ आणि ९ यांची तुलना करून निर्णय घेण्यात फारसा अर्थ नाही.

मग अचूकतेची काही अधिकृत कसोटी आहे का?

आहे. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने २०१८ मध्ये डेक्सकॉम जी६ ला मान्यता देताना, इन्सुलिन पंपासारख्या इतर उपकरणांशी जोडता येतील अशा सीजीएमसाठी काटेकोर अटी ठरवल्या. खरी साखर १८० च्या वर असताना सेन्सरने ७० च्या खालचा आकडा कधीही दाखवू नये, आणि याच्या उलटही होऊ नये, ही त्यांतली एक. मला ती सरासरीपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते, कारण माणसाला इजा होते ती अशा टोकाच्या चुकीने.

इथवर येईपर्यंत बरीच मजल मारावी लागली. १९९९ मध्ये एफडीएने मान्य केलेल्या पहिल्या सीजीएममध्ये रुग्णाला आपला आकडा दिसतच नसे. काही दिवसांच्या नोंदी नंतर डॉक्टरांच्या संगणकावर उतरवून पाहत. केवळ सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवण्याची परवानगी एफडीएने डेक्सकॉम जी५ ला २०१६ च्या डिसेंबरमध्ये दिली, तोपर्यंत बोट टोचणे बंधनकारक होते.

पण ग्लुकोमीटर तरी पूर्ण बरोबर असतो का?

नसतो. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार ग्लुकोमीटरच्या ९५ टक्के नोंदी, साखर १०० च्या खाली असताना १५ मि.ग्रॅ. च्या आत आणि १०० किंवा त्याहून वर असताना १५ टक्क्यांच्या आत असाव्यात. म्हणजे खरी साखर २०० असताना १७० किंवा २३० दाखवणारा ग्लुकोमीटरही मानकात बसतो. त्यात फळ सोलून हात न धुता बोट टोचले, तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वाढतो. मुदत संपलेल्या किंवा उघड्या राहिलेल्या डबीतल्या स्ट्रिप, अपुरा थेंब, आणि रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण फार कमी असणे हीसुद्धा नेहमीची कारणे आहेत. अनपेक्षित आकडा आला, तर साबणाने हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासावे. पुष्कळदा तेवढ्यावरच प्रश्न मिटतो.

दोन्हींची तुलना नक्की कधी करावी?

बाण आडवा असताना आणि आलेखाची रेघ गेली १५-२० मिनिटे सपाट असताना. सकाळी उपाशीपोटी ही वेळ उत्तम. जेवणानंतर तासाभराने, व्यायामाच्या मध्यात किंवा इन्सुलिनचा जोर असताना केलेली तुलना सेन्सरची परीक्षा घेत नाही, ती फक्त उशीर मोजते. आणि तक्रारी बहुतेक नेमक्या याच वेळांच्या असतात.

फरक किती चालावा, यासाठी एक सोपा आडाखा वापरतात: ग्लुकोमीटर ८० च्या खाली असेल तर २० मि.ग्रॅ. पर्यंत, आणि ८० किंवा त्याहून वर असेल तर २० टक्क्यांपर्यंत. एकदा फरक या बाहेर गेला म्हणून सेन्सर काढून टाकू नये. साखर स्थिर असताना दोनतीनदा तसेच झाले, तर मात्र दखल घ्यावी.

प्रयोगशाळेच्या अहवालाशीही आकडा जुळत नाही, ते का?

प्रयोगशाळेत शिरेतले रक्त जाते. उपाशीपोटी शिरेतली आणि बोटातली साखर जवळपास सारखी असते, पण जेवणानंतर स्नायू ग्लुकोज ओढून घेत असल्यामुळे शिरेतली बरीच कमी भरते. दुसरे कारण नळीतच घडते. नमुना साध्या नळीत तसाच राहिला, तर त्यातल्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि सामान्य तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. फ्लोराइड घातलेल्या नळीत ही घट थांबते, तीही लगेच नव्हे. तुलना करायचीच असेल, तर सुई टोचली त्या मिनिटाचा सेन्सरचा आकडा आणि बाण लिहून ठेवावा. अहवालावर छापलेली वेळ अनेकदा तपासणीची असते.

पहाटे गजर वाजतो, पण तपासल्यावर साखर ठीक निघते. असे का होते?

सेन्सर ज्या बाजूला आहे त्याच कुशीवर झोपल्याने तिथल्या ऊती दबतात, द्रव आणि रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि आकडा खोटाच पडतो. आलेखात ही गोष्ट ओळखता येते. रेघ कड्यासारखी सरळ खाली कोसळते, काही काळ तळाशी राहते आणि कूस बदलली की काही मिनिटांत पुन्हा मूळ पातळीवर येते. इन्सुलिनमुळे होणारा उतार इतका तडकाफडकी नसतो आणि त्यातून वर येणेही इतके झटपट नसते. तरीही रात्रीचा गजर न तपासता बंद करू नये. कूस बदलावी, बोट टोचावे, मग झोपावे. पुढचा सेन्सर लावताना ज्यावर अंग टेकत नाही अशी जागा निवडावी.

पहिल्या दिवशी आकडे इतके भरकटलेले का असतात?

तार आत शिरते तेव्हा तिथे छोटीशी जखम होते, आणि ती निवळेपर्यंत भोवतालचा द्रव शांत नसतो. उपकरणानुसार अर्धा ते दोन तासांचा सुरुवातीचा काळ ठेवलेला असतो, पण अचूकता खऱ्या अर्थाने बसायला अनेकदा पहिले २४ तास जातात. या काळात मोठा डोस निव्वळ सेन्सरवर ठरवू नये.

औषधांमुळे आकडा बिघडतो का?

काही औषधांमुळे नक्कीच. पॅरासिटामॉल काही सेन्सरच्या विद्युतप्रवाहात थेट भर घालते आणि आकडा खोटा वाढवते. डेक्सकॉम जी६ मध्ये प्रौढांनी दर ६ तासांनी १ ग्रॅमपर्यंत घेतले तरी चालते, पण त्याआधीच्या जी५ मध्ये ते टाळावे लागे. मोठ्या प्रमाणातील क जीवनसत्त्व लिब्रेचा आकडा वाढवते, आणि त्याची मर्यादा मॉडेलनुसार बदलते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांच्या बाबतीत अनेक सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त साखर दाखवतात, म्हणून त्यांनी त्या सेन्सरवर इन्सुलिन ठरवूच नये. तीव्र निर्जलीकरणात किंवा रक्तदाब फार खालावलेला असताना द्रवापर्यंत रक्तच नीट पोहोचत नाही, तेव्हाही बोटाची किंवा शिरेची तपासणीच ग्राह्य धरतात.

कॅलिब्रेशन केल्याने उशीर कमी होतो का?

कॅलिब्रेशन म्हणजे ग्लुकोमीटरचा आकडा भरून सेन्सर त्याच्याशी जुळवून घेणे. त्याने उशीर कमी होत नाही, आणि चुकीच्या वेळी केले तर नुकसानच होते. साखर चढत असताना ग्लुकोमीटरचा आकडा भरला, की उपकरण उशिरालाच चूक समजते आणि पुढचे सगळे आकडे वर सरकवते. मग साखर खरोखर कमी असताना ती ठीक दिसते. कारखान्यातच कॅलिब्रेट केलेल्या काही सेन्सरमध्ये ही सोय दिलेली नाही. जिथे ती आहे, तिथे फक्त आडव्या बाणावर, धुतलेल्या हातांनी आणि सलग दोन जुळणाऱ्या नोंदी घेऊन वापरावी.

उशीर गृहीत धरून गजर कोणत्या आकड्यावर लावावा?

७० वर गजर लावला आणि साखर मिनिटाला २ ने उतरत असेल, तर गजर वाजेपर्यंत रक्त ५० च्या आसपास पोहोचलेले असू शकते. म्हणून अनेकांना ८० सोयीचा पडतो. व्यायामाच्या वेळी उतार वेगवान असतो, तेव्हा तो तात्पुरता १०० पर्यंत नेणेही शहाणपणाचे ठरते. जास्त साखरेचा गजर मात्र इतका खाली आणू नये की तो दिवसभर वाजत राहील आणि शेवटी कोणी त्याकडे पाहणार नाही.

इतका उशीर आणि इतक्या चुका असताना सरासरीवर तरी विश्वास ठेवावा का?

ठेवावा. उशिरामुळे आलेखाची रेघ काही मिनिटे पुढे सरकते, पण दिवसभराची सरासरी त्याने फारशी बदलत नाही. ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ असावा, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, ही २०१९ ची आंतरराष्ट्रीय उद्दिष्टे बहुतेक प्रौढांसाठी आहेत. वृद्ध आणि गर्भवती यांच्यासाठी ती वेगळी आहेत. या हिशेबासाठी १४ दिवसांची, आणि त्यांतल्या किमान ७० टक्के वेळेची नोंद हवी. सरासरी मात्र सेन्सरच्या सततच्या झुकावापासून सुटत नाही: एखादा सेन्सर दर वेळी १५ ने कमी दाखवत असेल, तर ७० च्या खालचा वेळ फुगलेला दिसेल.

सेन्सर बदलून मागायचा तर काय हाताशी असावे?

साखर स्थिर असतानाच्या किमान दोन तुलना, प्रत्येकीची वेळ, सेन्सरचा आकडा, बाणाची दिशा आणि ग्लुकोमीटरचा आकडा, सेन्सर कुठे आणि कोणत्या दिवशी लावला, चालू औषधे, आणि खोक्यावरचा अनुक्रमांक व लॉट क्रमांक. काढलेला सेन्सर लगेच टाकून देऊ नये, कारण काही कंपन्या तो तपासणीसाठी परत मागतात.